चौथा कोपरा का मिटत नाही?

फोटोची फ्रेम असो, आरशाची चौकट असो की दाराभोवती मारायची शोभेची पट्टी, अनुभव सगळीकडे एकच. चार पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापल्या. पहिला कोपरा मिटला, दुसरा मिटला, तिसराही बरा बसला आणि चौथ्यात करंगळीचं नख सहज जाईल एवढी फट राहिली. मग फेविकॉलमध्ये भुसा कालवून ती भरायची, वरून पॉलिश मारायचं आणि गिऱ्हाइकाचं लक्ष दुसरीकडे वळवायचं. जळगाव-धुळ्याकडे आता बहुतेक फर्निचरवाल्यांकडे मायटर सॉ आहे, म्हणजे हव्या त्या अंशाला वळणारं, वरून खाली येणारं कापायचं मशीन. मशीन आलं तरी चौथा कोपरा उघडा तो उघडाच.

चौथ्या कोपऱ्याचा यात काही दोष नसतो. चार कोपरे, प्रत्येकाला दोन काप, असे एकूण आठ काप. प्रत्येक काप अर्धा अंश चुकला, म्हणजे ४५ ऐवजी ४४.५ झाला, तर आठ कापांची मिळून चूक चार अंशांची होते. पहिले तीन कोपरे आपण दाबून, खिळा ठोकून मिटवतो. त्यांची चूक नाहीशी होत नाही, ती पुढच्या कोपऱ्याच्या खात्यावर पडते. ७५ मिलिमीटर, म्हणजे तीन इंच रुंद पट्टी घेतली तर सांध्याची तिरकी लांबी १०६ मिलिमीटर भरते आणि एवढ्या लांबीवर चार अंश म्हणजे टोकाला सात मिलिमीटरहून जास्त फट. मशीनच्या अर्धगोल तबकडीवर अर्धा अंश किती असतो? दोन खुणांमधलं अंतरच जेमतेम दोन-तीन मिलिमीटर, त्याच्या निम्मा. डोळ्यांना तो दिसतसुद्धा नाही.

म्हणून या मशीनवर अचूक काम करायचं तर तबकडीच्या काट्यावर विसंबून भागत नाही. मशीन लाकूड कसं धरतं, पातं कुठल्या दिशेला ओढतं आणि लाकूड स्वतः काय करतं, हे कळावं लागतं. हे कळलं की सुरक्षिततेचे निम्मे नियम पाठ करावे लागत नाहीत, कारण लाकूड हलल्यामुळे काप चुकतो आणि लाकूड हलल्यामुळेच बोटं जातात.

वळणं आणि कलणं

मशीनचे भाग तसे चारच. खाली गोल फिरणारं टेबल, त्यामागे उभी सरळ पट्टी, तिला फेन्स म्हणतात, वर मोटर आणि पातं, आणि पात्यावरचं झाकण, म्हणजे गार्ड. अमेरिकेत रॉकवेल कंपनीने १९६४ साली असं विजेचं मशीन बाजारात आणलं. त्याआधी हेच काम लाकडी खोक्याच्या खाचांतून हातकरवत चालवून व्हायचं आणि आपल्याकडचे जुने सुतार ते अजूनही करून दाखवतात.

टेबल डावी-उजवीकडे वळलं की काप आडव्या पातळीत तिरपा होतो. फोटोफ्रेमला लागतो तो हा. पातं स्वतः एका बाजूला कललं की काप जाडीत तिरपा होतो. भिंतीच्या तळाला उभी मारायची उंच स्कर्टिंगपट्टी टेबलावर आडवी ठेवून कापायची असेल, तेव्हा हा उपयोगी. दोन्ही एकदम केलं की जोडकाप.

टेबलाच्या तबकडीवर ०, १५, २२.५, ३० आणि ४५ ला खाचा असतात, टेबल तिथे खट्‌कन बसतं. पण बऱ्याच मशीनवर एक विचित्र खूण दिसते, ३१.६ ची. तिचा आपल्याकडे क्वचितच उपयोग होतो आणि त्यामुळे तिच्याविषयी तर्क फार चालतात. अमेरिकेत छत आणि भिंत यांच्या कोपऱ्यात लाकडी कॉर्निस तिरकी बसवतात, भिंतीशी ३८ आणि छताशी ५२ अंश करून. ती टेबलावर सपाट ठेवून काटकोनी कोपऱ्यासाठी कापायची तर टेबल ३१.६ ला आणि पातं ३३.९ ला लागतं. एवढाच तिचा अर्थ. आपल्याकडे कॉर्निस पीओपीची, त्यामुळे खूण कोरीच राहते. लाकडी कॉर्निस कधी कापायची वेळ आलीच, तर ती उलटी करून, छताची बाजू टेबलावर आणि भिंतीची बाजू फेन्सला अशी तिरकी टेकवावी आणि नुसत्या ४५ वर कापावी. हिशोबच नको.

जुन्या घराचा कोपरा काटकोनात नसतो

तबकडीवरचा आकडा लाकडाच्या टोकाचा कोन सांगत नाही. शून्य म्हणजे सरळ आडवा काप, आणि आकडा सांगतो की त्या सरळ कापापासून आपण किती वळलो. काटकोनी चौकटीत दोन्ही हिशोब ४५ वरच येतात, म्हणून हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही. कोपरा काटकोनाचा नसला की घोटाळा होतो.

खानदेशातली जुनी धाब्याची घरं, मातीच्या जाड भिंती, वर्षानुवर्षांचं लिंपण. अशा घरातला खोलीचा कोपरा गुण्या लावून पाहिला तर नव्वद क्वचितच निघतो. समजा ८८ निघाला. त्याचा निम्मा ४४. ४४ वर मशीन लावून कापलं, तर फट मिटण्याऐवजी वाढते, कारण लाकडाच्या टोकाला ४४ चा कोन हवा आहे आणि त्यासाठी सरळ कापापासून ९० वजा ४४, म्हणजे ४६ अंश वळायला हवं. उलट ९२ च्या कोपऱ्यासाठी मशीन ४४ वर लागतं. लक्षात ठेवायला सोपं: कोपरा आवळलेला, तर आकडा ४५ च्या वर. कोपरा पसरलेला, तर खाली.

कोन मोजायला महागडं साधन लागतंच असं नाही. वर्तमानपत्राचा कागद कोपऱ्यात तळाशी धरून दोन्ही भिंतींच्या रेषा पेन्सिलने आखाव्यात आणि एक रेषा दुसरीवर येईल अशी घडी घालावी. घडीची ओळ म्हणजे त्या कोपऱ्याचा बरोबर मधला छेद. सरकता गुण्या त्या घडीला लावला आणि मशीनवर नेला की पात्याला तोच कोन द्यायचा. आकडा वाचायची गरज उरत नाही.

बाजू चारांहून जास्त असल्या तरी नियम तोच राहतो. १८० ला बाजूंच्या संख्येने भागायचं. बैलगाडीच्या चाकाचा घेर सहा तुकड्यांचा असेल, तर प्रत्येक तुकड्याचं टोक ३० अंशांत कापलेलं असतं. गावातल्या सुताराने तबकडी न बघता, दोरी आणि खुणेच्या फळीवर हे पिढ्यान्‌पिढ्या केलं. वर लोखंडी धाव तापवून चढवली की थंड होताना ती आवळते आणि थोडीफार फट असली तर मिटवून टाकते. फोटोफ्रेमला अशी धाव नसते.

चौकट: किती बाजूंना किती अंश
(सगळ्या बाजू सारख्या असतील तर)
चार बाजू: ४५
पाच बाजू: ३६
सहा बाजू: ३०
आठ बाजू: २२.५
बारा बाजू: १५
खाच नसलेल्या आकड्यावर (३६) टेबल ठेवताना मूठ घट्ट आवळावी, खाचेचा आधार तिथे मिळत नाही.

मशीन खरं बोलतं का?

दुकानातून आणलेलं मशीन बरोबर लावलेलं असेलच असं नाही, आणि टेम्पोतून साइटवर चार चकरा झाल्यावर तर नाहीच. तपासणी दोन मिनिटांची आहे. शून्यावर एक रुंद, सरळ पट्टी मधून कापावी. एक तुकडा पलटी करून, खालची बाजू वर घेऊन, दोन्ही कापलेली टोकं फेन्सला टेकवूनच एकमेकांना भिडवावीत. काप बरोबर असेल तर टोकं गच्च मिटतात. वर किंवा खाली फट दिसली तर ती मूळ चुकीच्या दुप्पट आहे, त्यामुळे अर्ध्या अंशाची चूकही डोळ्यांना दिसते. पात्याला गुण्या लावून तपासायचं असेल, तर प्लग काढून, आणि गुण्या पात्याच्या सपाट अंगाला लावून. दातांना नाही, कारण दात अंगापेक्षा जाड असतात.

धुळ्याच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये जाणत्या कारागिराचे हात बघा. पट्टी ठेवण्याआधी तो फेन्स आणि टेबल यांच्यामधल्या कोनात ब्रश फिरवतो, नाहीतर तोंडाने फुंकर मारतो. सवय वाटते, पण तिच्यामागे हिशोब आहे. लाकूड फेन्सला १५० मिलिमीटर लांबीत टेकलंय आणि एका टोकाखाली एक मिलिमीटर जाडीचा भुसा अडकला, तर काप जवळजवळ ०.४ अंशाने फिरतो. चौथ्या कोपऱ्याची फट बहुतेक वेळा इथे जन्माला येते. हीच गोष्ट उलटी वापरता येते. ३०० मिलिमीटर टेकूच्या एका टोकाला २.६ मिलिमीटर जाडीचा तुकडा मुद्दाम घातला की काप अर्धा अंश वळतो. काट्याला हात न लावता.

पातं स्वतः दोन-तीन मिलिमीटर लाकूड खातं. म्हणून रेघेच्या टाकाऊ बाजूला कापायचं, रेघ शिल्लक ठेवायची. आणि तुकडा केसभर लांब राहिला म्हणून त्यातून अर्धा मिलिमीटर छाटायला गेलं, तर पात्याला एका बाजूनेच लाकूड लागतं, ते रिकाम्या बाजूला वाकतं आणि काप तिरका येतो. छाटायचंच असेल तर अगदी हळू, आणि सोबत एक टाकाऊ पट्टी चिकटवून धरलेली बरी.

अंश बरोबर असूनही चौकट मिटत नसेल, तर समोरासमोरच्या पट्ट्यांची लांबी तपासा. समोरासमोरच्या दोन पट्ट्या अर्धा मिलिमीटर जरी कमी-जास्त असल्या, तरी कोपरा उघडतो. एक पट्टी मोजायची, दुसरी फेन्सवर ठोकळा आवळून त्याला टेकवूनच कापायची. टेप दुसऱ्यांदा काढायचाच नाही.

पातं ओढतं कुठे

२५५ मिलिमीटरचं पातं मिनिटाला ४८०० फेरे घेत असेल, तर त्याचे दात ताशी साधारण २३० किलोमीटर वेगाने धावतात. समोरचे दात खाली उतरतात, तळाशी ते तुमच्यापासून दूर, फेन्सकडे जातात आणि मागे वर चढतात. म्हणजे मशीन लाकडाला स्वतःच फेन्सवर दाबत असतं. लाकूड फेन्सला चिकटून असेल तर हे बळ आपल्या कामाचं. मध्ये बोटभर अंतर असेल, तर तेच बळ लाकूड फेन्सवर आपटतं, आणि धरणारा हात सोबत ओढला जातो.

वाकडी फळी असेल तर तिचा फुगलेला भाग फेन्सकडे. कापाच्या जागी आधार मिळायला हवा. खोलगट बाजू फेन्सकडे केली, तर काप पुरा होताना दोन्ही अर्धी एकमेकांकडे झुकतात, पातं चिमटीत सापडतं, आणि मशीन जोरात उसळतं.

धरणारा हात पात्यापासून वीतभर, म्हणजे किमान १५ सेंटीमीटर दूर. हात एकमेकांवरून आडवे नेऊन धरायचं नाही. एवढं अंतर राहत नाही इतका लहान तुकडा असेल, तर क्लॅम्प. क्लॅम्पही बसत नसेल, तर लांब पट्टीतून कापून शेवटी वेगळा करायचा. लहान तुकड्यांवर या अंतरात चोरी करणारे लोक मी फार बघतो, आणि त्यात कामात मुरलेलेच जास्त असतात, नवशिके नाही.

लांबीसाठी फेन्सवर आवळलेला ठोकळा पात्याच्या एकाच बाजूला लावायचा. पात्याच्या दोन्ही बाजूंना आधार दिला, तर कापून सुटलेला तुकडा पातं आणि ठोकळा यांच्यात अडकतो आणि गोळीसारखा सुटतो. पडणाऱ्या तुकड्याला पडायला मोकळी जागा हवी. त्याच कारणाने काप झाल्यावर पातं लगेच वर उचलायचं नाही. बटण सोडायचं, पातं खालीच थांबू द्यायचं, मग उचलायचं. फिरतं पातं वर येताना शेजारचा चिटुकला तुकडा दातात पकडतं. फ्रेमच्या कोपऱ्याचा टवका उडतो तो बऱ्याचदा याच क्षणी.

पातं पुढे-मागे सरकवता येणारं मशीन असेल, तर मोकळं पातं आधी पुढे, आपल्याकडे ओढायचं, सुरू करायचं, खाली आणायचं आणि मागे ढकलत कापायचं. ओढत कापलं तर पातं लाकडावर चढून तुमच्या अंगावर येतं.

गोल वस्तू सगळ्यात फसवी. पाइप किंवा बांबू टेबलावर एका रेषेत टेकतो, आणि दात लागले की गरकन फिरतो. हातकरवतीने कापताना बांबू पायाखाली दाबला की काम होतं, मशीनवर तसं चालत नाही. V आकाराची खाच पाडलेल्या लाकडात तो बसवून क्लॅम्प करावा लागतो. ठिबकच्या आणि पीव्हीसीच्या पाइपांनाही हेच लागू, आणि पाइपांच्या जळगावला हे वेगळं सांगायला नको.

हातमोजे घालू नयेत, दात मोज्याचा धागा पकडतात आणि बोट आत जातं. गळ्यात रुमाल लोंबत नको. बाह्या दुमडलेल्या. डोळ्यांवर चष्मा, कानात बोळे.

मे महिन्यातली फट, श्रावणातली फट

काप अचूक, सांधा गच्च, आणि तरी दोन महिन्यांनी कोपरा उघडतो. हे मशीनचं नाही, लाकडाचं काम. ज्वारीच्या हिरव्या ताटांची पेंढी बांधून ठेवा. कडबा वाळला की पेंढी सैल होते, ताटं बारीक होतात, पण उंची तीच राहते. लाकडाच्या आतल्या नळ्या तशाच आहेत. ओल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत साग रुंदीत अडीच ते सहा टक्के आटतो, लांबीत जवळजवळ नाहीच.

आता ४५ च्या टोकाकडे बघा. पट्टीची रुंदी कमी झाली, पण तिरक्या कापाची लांबीच्या दिशेची धाव तेवढीच राहिली. म्हणजे टोक अधिक निमुळतं झालं. दोन निमुळती टोकं बाहेरच्या कोपऱ्यावर टेकतात आणि आतल्या बाजूला फट पडते. पावसाळ्यात लाकूड फुगलं की उलटं, फट बाहेरच्या कोपऱ्याला. ७५ मिलिमीटरची पट्टी पाऊण मिलिमीटर आटली, तरी आत एक मिलिमीटरची फट दिसते.

पारा ४५ च्या वर नेणारा भुसावळ-जळगावचा कोरडा मे, आणि त्यानंतर लगेच दमट पावसाळा. इतका मोठा फरक सोसणाऱ्या भागात ओलं लाकूड लगेच कापून चौकट करणं म्हणजे फट विकत घेणं. सुकलेलं लाकूडही ज्या खोलीत बसायचं तिथे काही आठवडे मोकळं रचून ठेवावं. रुंद पट्टीपेक्षा अरुंद पट्टी कमी आटते, तेव्हा चार इंची चौकटीचा हट्ट नसेल तर दोन इंचाची करा.

कशाला कोणतं पातं

दातांची संख्या जितकी जास्त तितका काप गुळगुळीत आणि हळू. २५५ च्या पात्याला ४० दात ठोकळ कामाला, ६० ते ८० फ्रेमला. दातांचा पुढचा कल या मशीनला कमी किंवा उलटा हवा. जास्त पुढे झुकलेले दात लाकूड खातात तसं स्वतःही लाकडात घुसतात.

सातपुड्याचा साग कापायला मऊ, पण त्यात वाळूसारखी कणी असते, धार लवकर बोथट होते. अंजन त्याहून जड आणि कठीण, त्याला पातं दाबून न्यायला गेलं तर मोटर गुरगुरते. दाब कमी, वेळ जास्त. बाभळीचंही तसंच.

जुन्या वाड्याचं लाकूड खानदेशात आवडीने घेतात, आणि ते असतंही सुंदर. पण त्यात मोडलेले खिळे गाडलेले असतात. कापण्याआधी जुन्या स्पीकरचा चुंबक सगळ्या बाजूंनी फिरवावा. तो जिथे ओढला जातो, तिथे आधी खिळा काढायचा. कार्बाइडचा एक दात तुटला तरी पातं डळमळतं, आणि तुटलेला तुकडा कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही.

खिडक्यांचे ॲल्युमिनियम सेक्शन कापायचे तर त्यासाठीचं, शंभराच्या आसपास दातांचं पातं वेगळं येतं. त्याला थोडं मेण लावतात, म्हणजे कचरा दातांत चिकटत नाही. लोखंड मात्र या मशीनवर अजिबात नाही. घासून कापायची दगडी चकती बसवून भागवणारे लोक आहेत. त्या चकतीची ठिणगी मशीनमागच्या पिशवीतल्या भुशात पडते, आणि पिशवी धुमसत राहते, कधी रात्रभर. शिवाय चकतीच्या वेगाची मर्यादा मशीनच्या वेगाशी जुळेलच असं नाही.

लाइट गेली, लाइट आली

आपल्याकडे हा विभाग वेगळा लिहावाच लागतो. काप अर्ध्यावर असताना लाइट गेली, तर हात आपोआप लाकडाकडे जातो आणि बटण तसंच दाबलेलं राहतं, किंवा बटणाला चालू अवस्थेत अडकवायची कळ लावलेली असते. दोन मिनिटांनी लाइट येते आणि पातं पूर्ण वेगाने सुटतं. काही मशीनांत आपोआप सुरू न होण्याची सोय असते, स्वस्तातल्यांत बऱ्याचदा नसते. म्हणून लाइट गेली की पहिलं काम बटण सोडणं, दुसरं प्लग काढणं. लाकूड नंतर.

१६५० वॉटचं मशीन २३० व्होल्टवर सात अँपिअरच्या आसपास खेचतं, सुरू होताना त्याहून बरंच जास्त. साइटवर बारीक वायरची लांबलचक गुंडाळी लावली, तर विजेचा दाब पडतो, मोटर तापते, पातं मंदावतं, आणि मंद पातं लाकडात अडकतं. लांब वायर असेल तर २.५ स्क्वेअर मिलिमीटरची, पूर्ण उलगडलेली, अर्थिंगसकट.

शेवटचा धोका भुशाचा. त्याच्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं, कारण त्याचा त्रास लगेच होत नाही. सागाच्या धुळीने काहींच्या नाकातून पाणी येतं, हातांना खाज सुटते. लाकडाची धूळ ही माणसात कर्करोग घडवणारी आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नोंदवलं. मशीनमागची कापडी पिशवी जाड भुसा पकडते, बारीक धूळ तिच्यातून निसटते. तोंडाला बांधलेल्या रुमालातूनही निसटते. त्यासाठी फिल्टरचा मास्क लागतो, आणि शक्य असेल तर मशीन शटरच्या तोंडाशी, वारा पाठीमागून येईल असं मांडलेलं.